डोकं इथे ठेवून जा

आमच्या ऑफिसात कोणी राजीनामा दिला की साहेबांच्या आधी त्याला तांबोळीबाई गाठतात. "जायचंय? खुशाल जा. डोकं तेवढं इथे ठेवून जा." मग पुढचे आठ दिवस, रोज तासभर, त्याला समोर बसवून त्याला ठाऊक असलेलं सगळं त्या लिहून काढतात.

बिबवेवाडीत लिफ्ट दुरुस्त करणारी आमची छोटी कंपनी. बाई तक्रारींचे फोन घेतात. जाणाऱ्या मेकॅनिकला मात्र भलतंच विचारतात: कुठल्या सोसायटीचे सेक्रेटरी दुपारी दार उघडत नाहीत, कुठल्या कुत्र्याला आधी बिस्कीट द्यावं लागतं.

धाकटे साहेब एकदा म्हणाले, "मॅडम, आता सगळं सॉफ्टवेअरमध्ये असतं."

"असतं ना. घालतं कोण?"

मीही हसायचो. मेकॅनिक म्हणून लागून मला जेमतेम महिना झाला होता. येरवड्यातल्या एका जुन्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत मधुमेह असलेल्या एक आजी. गच्चीवरच्या मशीन रूमला कुलूप, वॉचमन नवा, किल्लीचा पत्ता नाही. आजींचा आवाज बारीक होत चाललेला. घाबरून मी ऑफिसला फोन लावला.

"खाली शिंप्याचं दुकान आहे. किल्ली त्याच्या मशीनच्या खणात," बाई म्हणाल्या. "आणि ऐका, मेन स्विच बंद केल्यावर ब्रेक अगदी हळू सोडा. ती लिफ्ट झटका देते. पवार सांगून गेलेत."

या पवारांना मी कधी पाहिलंही नव्हतं. दहा मिनिटांत आजी बाहेर आल्या आणि त्यांनी माझाच घामेजलेला हात धरून मला पायरीवर बसवलं.

रविवारी पेढे घेऊन मी बाईंच्या कसबा पेठेतल्या घरी गेलो. त्या एकट्याच राहतात. कोपऱ्यात एक बाजाची पेटी होती, वरची फळी काढलेली, आतल्या पट्ट्या उघड्या.

"अब्बा पेट्या दुरुस्त करायचे," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मी शेजारी बसून त्यांच्या हातात स्क्रू देत होते. ही उघडली आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. तिघा कारागिरांना दाखवली. अब्बांनी नेमकं काय करायला घेतलं होतं, कोणालाच कळेना."

त्यांनी पदराने पट्ट्यांवरची धूळ टिपली.

"एकदा तरी विचारायचं होतं हो, अब्बा, हे काय करताय?"

"चहा टाकते," म्हणून त्या आत गेल्या. बराच वेळ आतून भांड्याचा आवाज आला नाही.