मारुतरावांचा सतरावा नियम

माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात मारुतराव शिंद्यांनी भर बैठकीत विचारलं, “आनि नवरदेव आलाच न्हाई, तर काय करायचं ठरवलंय?” व्याह्यांच्या हातातला पेढा हातातच राहिला. मारुतरावांना घेऊन मी आलो होतो, त्यामुळे आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

मारुतराव मूळचे मेढ्याचे. फौजेत सिग्नलमध्ये नोकरी करून ते सांगलीकडच्या आमच्या साखर कारखान्यात आले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर, भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे, आणि त्यांच्यामागे आम्ही चौघं. मशीनबरोबर तपासणीचा एक प्रोग्राम आला होता. आपला प्रोग्राम आधी त्याला द्यायचा, तो वाचून चुका छापायचा. आम्हाला तेवढं पुरे होतं. मारुतरावांना नव्हतं.

“ह्यो परदेशातनं आलाय. आपल्या चुका त्याला कशा म्हाईत असणार?” असं म्हणत ते त्याला पदरचे नियम शिकवत बसायचे. कुणाची नवी चूक सापडली की एक नियम वाढलाच. प्रोग्राम नापास झाला की कागदावर रोमन अक्षरांत ‘घाई नडते’ असं मराठी उमटायचं. तीही करामत त्यांचीच. कँटीनच्या चहावाल्यालासुद्धा ते विचारत, “साखर संपली तर काय करशील, ते आदी ठरवलंयस का?” साखर कारखान्यात हा प्रश्न ऐकून तो बिचारा साखरेचा डबा उघडून बघे.

त्यांचा सतरावा नियम मात्र आमच्या डोक्यावर मिरी वाटायचा. एखाद्या शेतकऱ्याचं कार्ड सोडून पुढे जायचं असेल, तर ते कुणाचं हे छापलंच पाहिजे. “गपचूप कुनाला टाकायचं न्हाई,” एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी ऊसतोडीचा क्रम लावणारा प्रोग्राम मी लिहिला होता. गाळप दोन दिवसांवर आलं, आणि सतराव्या नियमानं तो तिसऱ्यांदा परत पाठवला. साहेब भडकले. “शिंदे, उद्या सकाळपर्यंत तो नियम काढा, नाहीतर उद्यापासून गोदामात बसा.” मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

साहेब गेल्यावर मी म्हणालो, “मारुतराव, काढा की. एका नियमासाठी कशाला हट्ट?”

ते कार्डांच्या कडा जुळवू लागले. मग म्हणाले, “पैल्या साली ऊसतोडीचा ह्यो प्रोग्राम मी लिवला हुता. कार्डावर ऊस लागणीची तारीख नसंल, तर फुडचं कार्ड घ्या. झालं. येसाबाई म्हनून एक म्हातारी हुती, एकटीच. तिच्या कार्डावर तारीख न्हवती. सगळ्या गावाचा ऊस गेला, तिचा तुरं येऊन फडातच वाळला. यादी घिऊन हितं आली. भांडली न्हाई, रडली न्हाई. म्हनली, ‘बाबा, यादीत समदा गाव हाय. मी गावात हाय का न्हाई, तेवढं सांग.’”

“मग तुम्ही काय केलंत?”

“त्याच राती ह्यो सतरावा नियम लिवला, गड्या.”

मला माझी लाज वाटली. मी बसलो आणि प्रोग्राम दुरुस्त केला. सकाळी यादी निघाली, आणि तिच्याखाली सुटलेली नऊ नावं. साहेबांनी ती दोनदा वाचली, शेतकी खात्याच्या माणसाला बोलावून त्याच्या हातात दिली आणि नियमाचं नाव पुन्हा काढलं नाही.

मारुतराव मात्र यादीची दुसरी प्रत घेऊन खिडकीशी उभे होते. बोट ठेवून एकेक नाव वाचत शेवटपर्यंत गेले, मग पुन्हा पहिल्या पानावर आले.

“कुणाचं नाव शोधताय?”

“येसाबाईचं. त्या सालापास्नं तिनं ऊस लावलाच न्हाई,” ते म्हणाले. “तरी दर साली बगतो.”