टेकडीकडची मंडळी

आमच्या भंडाऱ्याकडं सोनं असलेला दगड सापडला, तर तो तसाच उचलून घरी नेता येत नाही; आधी टेकडीकडची मंडळी घर बघायला येतात. मंडळी म्हणजे दगडच. बाहेरगावच्यांना याचं नवल वाटतं. त्यांच्याकडं काय रीत असेल ती असो, आम्ही चौकशी केल्याशिवाय दगडसुद्धा देत नाही.

मी कुमुद वैरागडे, या कामातली मध्यस्थ. टेम्पो ठरवायचा, दोन्हीकडचे रुसवे काढायचे आणि बोलणं फिसकटायला लागलं की पोह्यांची बशी पुढं करायची, हे माझं काम. दगड पोहे खात नाहीत. पण ठेवले नाहीत तर लक्षात ठेवतात, आणि त्यांच्या लक्षात फार काळ राहतं.

निळकंठ भोयर आमच्याच गल्लीतले. वायरमन होते, आता निवृत्त. सुमनवहिनी गेल्यापासून घरात एकटे. लेक रेवती नागपूरला. ती दर रविवारी फोन करून म्हणायची, "बाबा, आता इकडंच राहायला या." हे म्हणायचे, "येतो, येतो." आणि हलायचे नाहीत. एकदा मी खडसावूनच विचारलं.

"लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कसा जाऊ जी, कुमुदताई?" ते म्हणाले. "चार दिवस जायचं तर चिवडा नेला तरी चालते. कायमचं जाताना काय नेऊ?"

मग सोनं शोधायला त्यांनी मेटल डिटेक्टर घेतला आणि सगळी टेकडी पायाखाली घातली. रोज सकाळी भाकरी बांधून वर जायचं आणि दुपारी गंजके खिळे, बाटल्यांची झाकणं, एखादा बैलाचा नाल घेऊन खाली यायचं. तिकडं रेवतीनं खोली तयार करून ठेवलेली. राग यायचा मला. दोन शहाणी माणसं एकमेकांची वाट बघत म्हातारी होत होती, आणि मधे काय, तर खिळे.

मग एका सकाळी यंत्र वेगळ्याच आवाजात वाजलं. मातीखाली पांढरीशुभ्र गारगोटी होती, नारळाएवढी, आणि तिच्या अंगातून सोन्याची बारीक शीर गेलेली. भोयर तिच्याजवळ बसून पोटभर रडले. मग रीतीप्रमाणे तिला होती तिथंच ठेवून माझ्याकडं आले.

मंडळी गुरुवारी भोयरांकडं आली. थोरली शिळा, काळीभोर, पाठीवर वाळलेलं शेवाळ. तिचा भाऊ, मुरमाचं लालसर ढेकूळ, जो बसेल तिथं सांडतो. आणि मधे गारगोटी, अगदी गप्प. थोरल्या शिळेचं बोलणं सावकाश. एका शब्दानंतर दुसरा येईपर्यंत चहा पिऊन होतो, पण मधे बोलायचं नसतं.

"आमची मुलगी नांदणार कुठं?" तिनं विचारलं.

"नागपूरला, लेकीकडं," भोयर म्हणाले.

"मग हे घर काय बघायचं? ते दाखवा."

बाई मुद्द्याचं बोलली होती. मी टेम्पो नागपूरकडं वळवला.

रेवतीनं सोफा बाजूला सारून सतरंजी अंथरली होती. पोहे तयार होते. जावई मंगेशराव दारात उभे राहून प्रत्येक दगडाला वाकून नमस्कार करत होते. चांगल्या घरचा मुलगा. लिफ्टमधून थोरली शिळा एकटीच वर आली, आम्ही जिन्यानं.

"सोनं काढणार?" शिळेनं विचारलं.

भोयरांना खोटं बोलता येत नाही, तोच तर त्यांचा घोळ. "काढणार जी," ते म्हणाले. "रेवतीच्या लग्नात कुड्या करायच्या राहून गेल्या."

"बाबा, मला नकोत कुड्या," रेवती म्हणाली. "तुम्ही या फक्त."

मोडलं आता, असं मनाशी म्हणत मी पोह्यांची बशी पुढं सरकवली.

"काढा," शिळा म्हणाली. "नांदायला गेल्यावर जशीच्या तशी कोण राहते? पण उरलेला चुरा रस्त्यावर फेकायचा नाही. कुंडीत घालायचा, उन्हातल्या."

"घालीन," रेवती म्हणाली. गारगोटी काही बोलली नाही. तो होकारच धरतात. मी गुळाची वाटी घ्यायला उठले.

"बसा," शिळा म्हणाली. "हिची जागा कळली. आता याची दाखवा."

"कोणाची?"

"निळकंठची. रोज सकाळी आमच्याकडं यायचा. आदल्या दिवसाचं सगळं आम्हाला सांगायचा, सुमनचंसुद्धा. आमच्या अंगाखांद्यावर वावरलेलं माणूस आहे. असंच कसं देऊन टाकू?"

इतक्या सोयरिकी जुळवल्या, पण असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. तरी रीत ती रीत. रेवतीनं खोली दाखवली. खिडकीशी पलंग, समोर सुमनवहिनींचा फोटो, टोपी अडकवायला खुंटी, उशाशी यंत्र चार्ज करायला प्लग. मुरमाच्या मामांनी पलंगाखाली वाकून बघितलं आणि तिथंही थोडे सांडले. भोयर दाराशी उभे होते, मान खाली घालून, हाताची बोटं एकमेकांत गुंतवून.

"सकाळचं ऊन येतं?"

"येतं."

"कोपऱ्यात तर नाही ना ठेवणार?"

रेवतीनं नुसती मान हलवली.

"तोंडानं सांग, पोरी," शिळा म्हणाली. "मान हलवलेली आम्हाला कळत नाही."

"नाही ठेवणार," रेवती म्हणाली. "माझ्याजवळ ठेवीन."

मग शिळा म्हणाली, "आमचा होकार आहे."

गूळ वाटला. निघताना शिळा दारात थांबली. "हट्टी आहे तो," तिनं रेवतीला सांगितलं. "भाकरी बांधून नेतो आणि खायची विसरतो. पाणी प्यायला का, ते विचारत जा." भोयर खाली पोचवायला निघाले, तर मीच अडवलं. दिल्या घरून पहिल्याच दिवशी मागं फिरायचं नसतं. ते खिडकीत उभे राहिले.

वाटेत टेम्पोवाल्यानं आरशात बघितलं. "ताई, मागं ओलं काहून दिसते? पाऊस तर नाही."

"माहेरची माणसं आहेत," मी म्हटलं. "हळू चालव."