चोचीत काडी धरून मुलाखत

एका जंगलात, पोरांनो, बारकू नावाचा सुगरण पक्षी राहत होता. जंगल कुठलं ते विचारू नका. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात ते नाही, आणि असतं तरी तुम्ही ते पान उघडलं नसतं.

बारकू खोपा असा विणायचा की माकडानं हिसका दिला तर फांदी मोडेल, खोपा सुटणार नाही. सुगरणींची रीत अशी, की नरानं अर्धा खोपा विणायचा. मादीनं येऊन एक काडी ओढून बघायची. पटलं तर उरलेला अर्धाही नरानंच विणायचा आणि दोघांनी राहायचं. यमूनं बारकूची काडी ओढली. काडी हलली नाही. यमू हसली.

यमूची आई हसली नाही. "खोपा ठीक आहे हो," ती म्हणाली, "पण मुलगा कंपनीत आहे का?"

"नाही," बारकू म्हणाला.

"मग पंचमीपर्यंत लाग. नाहीतर पलीकडच्या बाभळीवर एक स्थळ आहे."

पंचमीला चार दिवस होते.

जुन्या उंबरावर एक कंपनी होती. ती पक्ष्यांना खोपे विणून द्यायची. म्हणजे पाटीवर तसं लिहिलं होतं. 'खोपा इंजिनिअर पाहिजेत' असंही लिहिलं होतं. दारात खारबाई अर्ज घेत बसली होती.

"लांब गवताचा दहा वर्षांचा अनुभव लागतो," खारबाई म्हणाली.

"बाई, ते गवत या जंगलात उगवून दोनच वर्षं झाली."

"म्हणजे तुम्हाला आठ वर्षं कमी पडतात. जा आत."

आत कोकिळाबाई आणि टिटवीताई बसल्या होत्या. कोकिळाबाईंनी जन्मात काडी उचलली नव्हती. अंडी कावळ्याच्या घरात घालायची आणि आपण गायला मोकळं व्हायचं, असा त्यांचा संसार. टिटवीताईंची अंडी उघड्या माळावर खड्यांत. पण प्रश्न विचारायला घर बांधता यावं लागत नाही, पोरांनो. समोर बसायला जागा असली की झालं.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठल्या फांदीवर बघता?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"याच. खोपा तिथंच आहे ना."

कोकिळाबाईंनी मान हलवली, पण आडवी.

टिटवीताई म्हणाल्या, "वाळूवर एक झाड काढा. काढलंत? आता तेच उलटं काढा."

बारकू विणताना उलटाच लटकायचा. त्याला झाड रोज तसंच दिसायचं. त्यानं झटक्यात काढलं आणि विचारलं, "ताई, हे इथं कामाला कधी लागतं?"

"कधीच नाही," टिटवीताई म्हणाल्या.

मग शेवटची फेरी आली. "आता विणून दाखवा," कोकिळाबाई म्हणाल्या, "आणि विणताना मनात काय चाललंय ते मोठ्यानं बोलत राहा. आम्हाला तुमचे विचार ऐकायचेत."

बारकूनं काडी चोचीत धरली.

"बोला."

बारकू बोलला. काडी पडली. त्यानं दुसरी उचलली.

"बोला ना."

दुसरीही पडली. अशा सात काड्या पडल्या. शेवटी बिचाऱ्यानं चोच मिटली आणि चार बोटं वीण घालून दाखवली. अशी वीण, की पाणी थांबावं.

"विचार काही ऐकू आले नाहीत," कोकिळाबाई म्हणाल्या. "कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय ते तुमच्या मोठ्या दादाला विचारा. जेवण झाल्यावर विचारा, आधी नको.

बारकूनंतर आनंदराव पोपट आत गेला. हा झाडाच्या ढोलीत राहायचा. त्यानं काडीला हातच लावला नाही. "सर्वप्रथम मी काडीची गरज समजून घेईन," तो म्हणाला. "मग गवताला विश्वासात घेईन." असं तो तासभर बोलला. त्याला तिथल्या तिथं घेतलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी आनंदराव बारकूच्या फांदीवर येऊन बसला.

"बारक्या, तोंड पाडून काय बसलायस? उद्या परत चल."

"परत? ओळखतील की."

"अरे, त्यांनी तुझ्याकडे बघितलंय कुठं? तू नुसतं विण. मी पानाआड बसून तुझे विचार करतो."

"आणि तुला काय मिळणार?"

"ओळखीचा माणूस आणला की कंपनी एक पेरू देते."

पंचमीला सकाळी बारकू पुन्हा गेला. चोचीत काडी धरून मुकाट विणत राहिला. पानाआडून आनंदराव बोलत राहिला. "इथं मी जरा थांबतो. इथं मला दोन वाटा दिसतात. इथं मी वाऱ्याचं मत घेतो." दोघी बाया डोळे मिटून डोलत होत्या.

"चार दिवसांपूर्वी असाच एक पिवळा आला होता," टिटवीताई कुजबुजल्या.

"तो मुका होता," कोकिळाबाई म्हणाल्या. "हा किती स्पष्ट बोलतो."

बारकू लागला. पहिल्याच दिवशी त्याला काम मिळालं. विणायचं नाही हं. नव्या मुलांच्या मुलाखती घ्यायचं. तो दिवसभर "बोला ना" म्हणायचा आणि समोर काड्या पडायच्या. त्या पावसाळ्यात मोठं वादळ झालं, पण कंपनीनं विणलेला एकही खोपा पडला नाही. नव्हताच ना एकही.

यमूची आई खूश झाली. यमू राहायला आली.

"अहो, उरलेला अर्धा कधी विणणार?" तिनं विचारलं. "खालून वारा लागतोय."

बारकू फांदीवर ऐटीत बसला. "सर्वप्रथम आपण वाऱ्याची गरज समजून घेऊ," तो म्हणाला. "मग मला दोन वाटा दिसतात..."

यमूनं थोडा वेळ ऐकलं. मग एक चांगली लांब काडी आणली आणि त्याच्या चोचीत कोंबली.

"आता करा विचार," ती म्हणाली.

संध्याकाळच्या आत खोपा पुरा झाला.

तात्पर्य: पोरांनो, काडी चोचीत धरली की घर होतं, आणि चोचीतली टाकली की नोकरी लागते. ज्याला दोन्ही हवं असेल त्यानं नुसतं विणकाम शिकण्यात वेळ घालवू नये. एक पोपट ओळखीचा ठेवावा, आणि घरात पेरू.