शंभरावरची रेघ

मंजुश्रीची रेघ शाळेपासून थरथरायची. चित्रकलेचे सिद्धराम सर वहीत डोकावून म्हणायचे, "मंजुश्री, तुझ्या रेघेला हिवताप आलाय का?" पुढं ती टॅबलेटवर लग्नपत्रिकांसाठी नवरा-नवरीची रेखाचित्रं काढू लागली, उदगीरभर नाव झालं, पण हिवताप काही उतरला नाही. तो झाकायची सोय ब्रशच्या सेटिंगमध्ये सापडली. तिचं नाव स्टॅबिलायझर.

"फ्रिजला असतंय तसलं?" तिच्या वडिलांनी, गुंडप्पांनी विचारलं.

"तसलंच, अप्पा. तिथं करंट सांभाळतंय, हितं रेघ."

तिनं त्याचा आकडा शून्यावरून थेट शंभरावर नेला. आता पेन पुढं जायचं आणि रेघ मागून रमतगमत यायची, पण यायची ती अगदी नितळ. पथ्य एकच, हात मुंगीच्या चालीनं चालवायचा. घाई केली की रेघ सगळी वळणं गिळून टाकायची.

सर निवृत्त झाले. शनिवारी निरोप समारंभात मंजुश्रीनं मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर सरांचं चित्र काढलं. चष्मा, मिशा, कपाळावरचे भस्माचे तीन पट्टे, कुठं म्हणून रेघ हलली नाही. सर खुर्चीतून उठले. "पोरी, ही रेघ तुझी? लई मेहनत केलीस!" त्यांचे डोळे भरून आले. मंजुश्री सुखावली आणि मनातून जरा ओशाळलीही.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण माईक सूत्रसंचालन करणाऱ्या वीरेशच्या हातात होता आणि वीरेशच्या हातातला माईक कधी गप्प बसत नाही. "आता सर आपल्या चित्राखाली सही करतील!"

एकतीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर झळकलेली ती सही. सरांनी पेन घेऊन नेहमीच्या झपाट्यानं फिरवलं. पडद्यावर उमटली एक आळी. त्यांनी पुन्हा सही केली. पुन्हा आळीच, जराशी जाडी.

मंजुश्रीला तात्काळ उमगलं. आकडा शून्यावर आणायला एक बोट पुरे होतं, पण तो शंभर साऱ्या गावाला दिसला असता. ती पटकन म्हणाली, "असू द्या सर, वयानं व्हतंय असं." जीभ झडली कशी नाही, असं तिला पुढं कितीदा तरी वाटलं.

सरांनी आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला आणि माईक मागितला. "पुढच्या रविवारपासून पोरांचा चित्रकलेचा वर्ग घेणार होतो. आता हात ऱ्हायला न्हाई. वर्ग मंजुश्री घेईल." टाळ्या झाल्या.

जाऊन खरं सांगावं, असं ती रोज ठरवायची. मंगळवारी सरांच्या दारापर्यंत गेलीसुद्धा. तर कळलं, सर लातूरला मेंदूच्या डॉक्टरकडं गेलेत. मग तिचा उरलासुरला धीरही गेला.

रविवारी वर्गात तीस पोरं होती आणि शेवटच्या बाकावर सर, नवी वही घेऊन.

"सर, तुम्ही?"

"पुन्हा पहिल्यापासून शिकावं म्हणलं." वहीत पानभर उभ्या रेघा होत्या, एकूण एक ओळंब्यात. "बघ की, किती हलून राहिल्यात."

तेवढ्यात पोरं ओरडली, "मॅडम, गोल काढून दाखवा!" खडूला स्टॅबिलायझर नसतो. फळ्यावर बटाटा उमटला. पोरं खिदळली. सर मात्र घाबरून उठले. "अगं, तुलाबी झालं? माझी लागण झाली की काय तुला!"

मंजुश्रीला रडू आवरेना. तिनं आकड्यापासून आळीपर्यंत सगळं सांगून टाकलं. सरांनी उजवा हात पुन्हा उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे हात चांगला हाय माझा?"

"हाव, सर."

"आठ दिवस चहा दोन्ही हातांनी पिलो मी, पोरी. घरात आमची ही खाली बशी धरून बसायची."

सरांनी खडू घेतला, बटाटा पुसला. "जा, बस माघं. माझीच वही घे आन उभ्या रेघा काढ."

तिनं वही उघडली. पहिल्या पानावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'विद्यार्थी: सिद्धराम. गुरू: मंजुश्री.'

"सर, हे खोडा की," ती कशीबशी म्हणाली.

"खोडायची सवय न्हाई मला," फळ्याकडं तोंड करूनच सर म्हणाले. "तू शिक. म्हणजे खरं व्हईल."