साक्रीचं फिनलंड

पुंडलिक नानांच्या घरातून दौलत आबांच्या बंगल्यात जायला चौदा पावलं लागत. मी मोजली आहेत. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत एक लोखंडी फाटक होतं आणि त्यातून आबांकडची गडीमाणसं, मांजरं, कोंबड्या दिवसभर खुशाल ये-जा करत. नानांना मात्र आबांकडे जायचं झालं की ते टोपी घालत, वहाणा चढवत, आपल्या पुढच्या दारानं रस्त्यावर येत, अख्ख्या गल्लीला वळसा घालत आणि आबांच्या मोठ्या गेटसमोर जाऊन उभे राहत. एकदा भर मे महिन्यात, डांबर पातळ झालेलं असताना, ते असे निघाले तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, नाना, फाटक उघडंच आहे की.

"मास्तर," नाना म्हणाले, "सीमा ओलांडून जाते ती फौज. पाहुणा अधिकृत मार्गानं जातो."

मी जळगावकडचा. त्र्याऐंशी साली साक्रीच्या शाळेत गणित शिकवायला लागलो आणि नानांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिलो. नाना त्याच शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. घरात ते, त्यांच्या पत्नी अक्का आणि एक रेडिओ. मुलगी धुळ्याला दिलेली. रेडिओवरच्या बातम्या नाना उभ्यानं ऐकत, हातात पेन्सिल घेऊन, आणि समोरच्या भिंतीवर जगाचा नकाशा. त्या नकाशात एका देशाभोवती बोट फिरवून फिरवून कागद पांढरा पडला होता. तो देश म्हणजे फिनलंड.

आता साक्रीचा आणि फिनलंडचा काय संबंध? आमच्याकडे पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर देवाची करणी. बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. पण नानांचं म्हणणं असं की, फिनलंड हा जगातला सगळ्यात शहाणा देश. शेजारी रशियाएवढा दांडगा गडी. त्याच्याशी लढून झालं, मार खाऊन झाला, जमीन देऊन झाली, मग मैत्रीचा करार केला आणि पाळला. रशियाला दुखवायचं नाही, पण त्याच्या खिशातही जायचं नाही. "याला म्हणतात परराष्ट्र धोरण," नाना म्हणत, आणि नकळत त्यांची नजर भिंतीपलीकडे जाई.

भिंतीपलीकडे दौलत आबा होते. आबा म्हणजे बागाईत, जीप, ट्रॅक्टर, गावातला पहिला रंगीत टीव्ही, आणि मुख्य म्हणजे आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. नानांच्या नळाला येणारं पाणीसुद्धा आबांच्या बोअरचं. आणि हे दोघे लहानपणी धुळ्याच्या बोर्डिंगात एका चटईवर झोपलेले. आबा गावात सगळ्यांशी जरबेनं बोलत, नानांशी मात्र अहिराणीत. "तू येडा शे, पुंडलिक," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नाना ते शांतपणे ऐकून घेत आणि घरी येऊन मला सांगत की आजची बोलणी खेळीमेळीच्या वातावरणात झाली.

वर्गात तर कहर होता. नाना ग्रामपंचायत शिकवता शिकवता फिनलंडला पोचत. एका सहामाहीत एका पोरानं लिहिलं होतं, "फिनलंडच्या पूर्वेला दौलत आबांचा बंगला आहे." आम्ही सगळे मास्तर पोट धरून हसलो. नानांनी त्याला पूर्ण गुण दिले.

आबांचा ट्रॅक्टर नानांच्या दारात उभा राहिला, आबांच्या घरच्या लग्नाचा भोंगा नानांच्या खिडकीकडे तोंड करून लागला, की नाना निषेधाचा खलिता लिहीत. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर, सुवाच्य अक्षरात. "आपल्या दीर्घ स्नेहाचा पूर्ण आदर राखून कळविणे भाग पडते की," अशी सुरुवात. तो पोचवायचं काम माझ्याकडे. मला ते राजदूत म्हणत. आबा खलिता वाचत, मिशीत हसत, ट्रॅक्टर हलवायला सांगत आणि कागद घडी घालून खिशात ठेवत. परत येताना माझ्या हातात पपया नाहीतर केळ्यांची फणी असे. त्या फणीच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी नानांकडून लिंबाचं लोणचं गेलंच पाहिजे. आबांचं भांडं आमच्या घरातून रिकामं कधी गेलं नाही. अक्का म्हणायच्या, लोणचं घालता घालता माझे हात गेले आणि यांचं म्हणे धोरण.

हसण्यावारी नेऊ नका. माणूस खरंच ताठ होता. एका निवडणुकीत आबांनी सगळ्या मास्तरांना जीपमध्ये बसून प्रचाराला यायला सांगितलं. आम्ही सगळे मुकाट बसलो, मी सर्वांत आधी. नाना एकटे बसले नाहीत. करार मैत्रीचा आहे, चाकरीचा नाही, एवढंच म्हणाले. मतदानाच्या दिवशी मात्र सकाळी सातला रांगेत पहिले उभे राहिले आणि घरी येऊन भिंतीवरून शाईचं बोट आबांना दाखवलं. आबांना बोट दिसलं, पण जीपमधली रिकामी जागा विसरता आली नाही. जूनमध्ये नानांची बदली पिंपळनेरच्या शाखेत झाली. वर्षभर नाना रोज एस.टी.नं गेले आले. तक्रार नाही, खलिताही नाही. मीच चिडून बोललो तेव्हा म्हणाले, "फिनलंडलासुद्धा थोडा प्रदेश सोडावा लागला होता." वर्ष झाल्यावर आबांनीच त्यांना परत आणलं. त्याबद्दल दोघांपैकी कोणीही एक शब्द बोललं नाही.

आता आवतणाचं सांगतो, कारण सगळं तिथंच बिघडलं. आमच्या खानदेशात आवतण दोन तऱ्हेचं. एक माणसापुरतं, घरातल्या एकानं जाऊन पंगतीला बसून यायचं. दुसरं चूलबंद. म्हणजे घरातले लहानथोर, आलेले पाहुणे, भाडेकरूसुद्धा, सगळे जेवायला या, तुमची चूल आज पेटता कामा नये. याहून मोठा मान नाही. थंडीत आबांच्या मळ्यात भरताची पंगत व्हायची आणि नानांच्या घराला दरवर्षी चूलबंद आवतण यायचं. त्या दिवशी नाना पहाटेपासून चुलीवर नजर ठेवून. अक्कांना चहासुद्धा करू देत नसत. करार म्हणजे करार. मग आम्ही तिघं टोपी, लुगडं, इस्त्रीचा शर्ट अशा थाटात मळ्यात जायचो. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजलेली, ती लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचलेली, सोबत ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी. आबा स्वतः नानांच्या ताटात भरीत वाढत आणि म्हणत, खा रे येड्या.

एक्क्याण्णवच्या थंडीत रेडिओवर रोज रशिया मोडत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. आज हा तुकडा सुटला, उद्या तो. मला वाटलं नाना खूश होतील, फिनलंडच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. पण नाना हातातली पेन्सिल तशीच धरून बसलेले. म्हणाले, "मास्तर, ज्याच्याशी जपून वागण्यात सगळा जन्म गेला, तोच राहिला नाही, तर फिनलंडनं उद्या उठून करायचं काय?" मी हसलो. मला तेव्हा हसू आलं, याची आज लाज वाटते.

त्याच आठवड्यात आबांचा ड्रायव्हर आला. उद्या सकाळी आबांनी मळ्यात बोलावलंय, म्हणाला, फक्त नानांना. नानांनी विचारलं, चुलीचं काय? ड्रायव्हर म्हणाला, चुलीचं काही बोलले नाहीत, एकट्या नानांना या म्हणाले.

नानांचा चेहरा उतरला. ड्रायव्हर गेल्यावर ते नकाशासमोर जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांचं चूलबंद आवतण, ते एका माणसावर आलं. अक्का म्हणाल्या, अहो, जाऊन तर या, काही कारण असेल. पण नानांनी धोरण ठरवलं होतं. त्यांनी दर्जा उतरवला, आपणही उतरवायचा. माणूस एक मागितलाय, एक जाईल. तो माणूस म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी मी सायकलनं मळ्यात गेलो. पंगत नव्हती. माणसं नव्हती. बोरीच्या झाडाखाली बाज टाकलेली आणि तिच्यावर शाल गुंडाळून आबा बसलेले. महिनाभरात निम्मे झाले होते. समोर लहानसा जाळ, त्यावर चार वांगी, आणि ती आबा स्वतः काडीनं उलटत होते. शेजारी दोन ताटं पालथी घातलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे रस्त्याकडे पाहिलं.

"पुंडलिक उना नही?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. नाना रुसलेत, आबा, तुम्ही चूल बंद केली नाहीत म्हणून रुसलेत. आबा खो खो हसले असते, जीप पाठवली असती, वीस मिनिटांत नाना तिथं असते. पण मी पडलो राजदूत. दोन्ही बाजूंचा मान राखायला गेलो. म्हणालो, नानांची तब्येत जरा बरी नाही.

आबांनी जाळावरची वांगी उतरवली. मग त्यांनीच एक ताट सुलटं करून मला वाढलं. जेवता जेवता सांगितलं की पोटात गाठ निघालीय, परवा मुंबईला जायचं, तिथं ऑपरेशन. घरच्यांसमोर भीती बोलून दाखवता येत नाही, सगळ्यांचा धीर सुटेल. म्हणून एकट्याला बोलावलं होतं, बोर्डिंगातल्यासारखं घटकाभर बसायला. पंगत यंदा ठेवलीच नव्हती. मी उठलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"त्याले काही सांगू नको," म्हणाले. त्याचीच तब्येत बरी नाही, उगाच घोर लावून घेईल. परत आल्यावर मीच बोलेन.

माझ्याच खोट्यानं माझं तोंड शिवलं गेलं. घरी आलो तर नाना ओट्यावर वाट पाहत बसलेले. "माझी चौकशी केली का?" त्यांनी विचारलं. केली, मी म्हणालो. नानांना बरं वाटलं. "ठीक. आता पुढचं पाऊल त्यांचं." तिसऱ्या दिवशी जीप मुंबईला गेली. नानांना वाटलं, कामासाठी गेले असतील.

आबा परत आले ते बाराव्या दिवशी, चादरीत. गल्लीत गलका झाला आणि नाना बाहेर आले. मी तिथंच, अंगणात, त्यांना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ते माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी फक्त एकच विचारलं.

"मास्तर, त्या दिवशी ताटं किती होती?"

दोन, मी म्हणालो.

नाना वळले. डोक्यावर टोपी नव्हती, पायात वहाणा नव्हत्या. ते पुढच्या दाराकडे गेलेच नाहीत. भिंतीतल्या फाटकातून, कोंबड्यांना बाजूला सारत, चौदा पावलं चालून गेले.

पुढं आबांच्या मुलानं सगळा कारभार हाती घेतला. पोरगा चांगला, पाणी चालू ठेवलं त्यानं. पण भरताची पंगत पुन्हा झाली नाही, आणि आवतण येण्याचा प्रश्न नव्हता. नानांनी खलिते लिहायचं सोडलं. ट्रॅक्टर दारात दिवसच्या दिवस उभा राही.

वर्षानं, थंडीतल्या एका सकाळी मी उठलो तर घरात चहाचा वास नाही. स्वयंपाकघरात डोकावलो. चूल सारवलेली, थंडगार, आणि अक्का शेजारी नुसत्याच बसलेल्या. नाना ओट्यावर होते, टोपी आणि धुतलेला सदरा घालून. मी विचारलं, अक्कांना बरं नाही का?

"बरं आहे की," नाना म्हणाले. "आज आबाकडचा दिवस. आपली चूल बंद."