अध्यक्ष इथे राहत नाहीत!

"या वेळी वॉर्डातून आपणच!" अध्यक्षांनी दात घासता घासताच जाहीर करून टाकलं.

अध्यक्ष हे त्यांचं टोपणनाव. ते कशाचेच अध्यक्ष नव्हते, पण चार माणसं एकत्र दिसली की भाषण ठोकल्याशिवाय त्यांना राहवत नसे. निवडणूक लढवायची हे त्यांचं जन्माचं स्वप्न. नवा कोट शिवून झाला होता, पत्रकं छापून आली होती. उरला होता फक्त मतदारयादीचा उतारा.

कचेरीतल्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. "तुमच्या मिसेस आहेत, आई आहेत. तुम्ही नाही."

"मी नाही? मग हा समोर कोण उभा आहे?"

"ते मला काय माहीत? यादीच्या कामावरचे शाळेचे मास्तर पडताळणीला घरी आले होते. घरच्यांनीच सांगितलं, तुम्ही तिथे राहत नाही. नोटीस पाठवली, तर तीही घरूनच परत आली."

अध्यक्ष तणतणत घरी पोचले. "मला माझ्याच घरातून हाकललंत?"

"ओरडता काय?" बायको म्हणाली. "तुमचाच हुकूम! काखेत बॅग आणि हातात कागद दिसला की सांगायचं, ते इथे राहत नाहीत!"

हुकूम त्यांचाच होता. एका लग्नात चारचौघांत रुबाब करायच्या नादात त्यांनी एका विमावाल्याला भल्यामोठ्या पॉलिसीचा शब्द दिला होता. तेव्हापासून तो हात धुऊन मागे लागला होता आणि अध्यक्षांनी घरात सगळ्यांची तालीम घेतली होती.

"मी तर रडून दाखवलं!" आई आतून अभिमानाने म्हणाली. तिला ऐकू कमी येई, त्यामुळे लेक चिडलाय की शाबासकी देतोय हे तिला कळलंच नाही.

पुन्हा कचेरी, पुन्हा फॉर्म, पुन्हा विनवण्या. बाई विरघळल्या. "उद्या मास्तर येतील. घरीच थांबा. उद्या हुकलं तर ही निवडणूक विसरा!"

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष सकाळपासून कोट घालून दाराशी बसले. बेल वाजली की "या, या मास्तर!" करत धावायचे. असं त्यांनी इस्त्रीवाल्याचं आणि शेजारणीच्या भाच्याचं जंगी स्वागत केलं. बायको बाजारात गेली. दुपारचं जेवण अंगावर आलं आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला.

बेल वाजली. अध्यक्ष दचकून उठले, दाराच्या भोकातून पाहिलं. काखेत बॅग! हातात कागद! डोळ्यांवरची झोप उडायच्या आत तोंड कामाला लागलं.

"ते इथे राहत नाहीत!" अध्यक्ष दाराआडून कडाडले. "कधीच सोडून गेले! पुन्हा येऊ नका!"

पावलं जिना उतरू लागली. अध्यक्ष खुशीत खुर्चीत टेकले, तोच खिडकीतून खाली बघत आई ओरडली, "अरे, तोच मेला पुन्हा आलाय! ज्याला मी मागे रडून दाखवलं तो!"

आई रडली होती ती मास्तरांपुढे! वर कोट, खाली पायजमा, अशा अवतारात ते धावत सुटले. "मास्तर! अहो, मीच तो! मी इथेच राहतो!"

मास्तरांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "आतले गृहस्थ तर नाही म्हणाले."

"आत कुणी गृहस्थ नाही! तो मीच होतो!"

"तुम्हीच सांगितलंत की तुम्ही राहत नाही?"

"हो! म्हणजे नाही! वर चला, आईलाच विचारा!"

मास्तर भला माणूस. धापा टाकत पुन्हा जिना चढले आणि मोठ्याने म्हणाले, "आजी, तुमचा मुलगा इथेच राहतो ना?"

आईने आधी बॅग पाहिली. मग कागद पाहिला. मग पदर डोळ्यांना लावून तिने हंबरडा फोडला, "गेला हो माझा लेक! कायमचा परदेशी गेला!"

मास्तरांनी कागदावर शेवटची फुली मारली, बॅग बंद केली आणि ते चालू लागले.

त्यांची पाठ वळताच आईने पदर बाजूला केला आणि थिजून उभ्या असलेल्या लेकाला डोळा मारला. "कसा पळवला!"