अख्ख्या पडद्यावर जावई

जावई माणूस म्हणून वाईट नाही, पण त्याला टीव्ही बघता येत नाही. माणसं टीव्ही बघताना हसतात, बोलतात, मटार सोलतात. हा दिवे घालवतो, पडदे ओढतो आणि तोंडात पेन धरून असा बसतो, जसा काही टीव्हीच याची परीक्षा घेतोय. स्वयंपाकघरात चमचा पडला तरी मान अशी वळवतो, की चमच्यानेच माफी मागावी.

त्यांच्या घरी न्हाणीघराच्या फरश्या उखडल्या होत्या, म्हणून लेक आणि जावई आमच्याकडे राहायला आले. आले त्या दिवसापासून माझी बैठकीची खोली त्याच्या ताब्यात गेली.

"आई, जरा मिक्सर नंतर लावता का?"

"जावईबापू, चटणी काय मनातल्या मनात वाटू?"

लेक मला ओढत आत घेऊन गेली. म्हणाली, "आई, कामच आहे ते त्याचं. माहितीपटांचा महोत्सव आहे. नवे माहितीपट आले की हा आधी बघतो आणि कोणता दाखवायचा त्याची शिफारस करतो."

"शिफारस चालते याची? मग तुझ्या चुलतभावाच्या नोकरीसाठी कधी तोंड उघडलं नाही ते?"

"तसली शिफारस नव्हे गं!" मग तिने आवाज खाली आणला. "मागच्या वर्षी याने निवडलेल्या माहितीपटाला हॉलमध्ये चार डोकी होती. त्यात एक बॅटरी दाखवणारा, आणि तोही झोपलेला. यंदा खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर आम्ही दुसरा माणूस बघू, असं मॅडमनी याला तोंडावर सांगितलंय."

या मॅडम म्हणजे महोत्सवाच्या मुख्य. आणि एवढं ऐकूनही आमच्या शहाण्याने यंदा निवडलं काय? खुर्च्या विणणाऱ्या नवरा-बायकोचा सिनेमा. म्हटलं, पडद्यावर खुर्च्या आणि हॉलमध्येही खुर्च्याच.

एके दुपारी फरशीवाल्याचा फोन आला, की फरश्या लावल्यात पण दार आता उघडत नाही. जावई चप्पल उलटीसुलटी घालून धावला. टीव्हीवरचं चित्र होतं तिथेच थांबलेलं. मी धूळ पुसायला गेले आणि फडकं हातातच राहिलं. पडद्याच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरप्या फिकट अक्षरांत, जावयाचं नाव!

अक्षरं इंग्रजी होती, पण ती मी कुठेही ओळखीन. दिवसाआड त्याच्या नावाचं खोकं येतं आणि सही मी करते. नावाखाली बारीक दोन ओळी होत्या. शिक्षण लिहिलं असेल म्हणून सोडून दिल्या.

मला भरूनच आलं. एवढा मोठा माणूस आणि मी याला मिक्सरवरून बोलले! रिमोटचं मधलं बटण दाबलं. चित्र हललं, पण नाव हललं नाही. म्हातारा आला, म्हातारी आली, बकरी आली, नाव आपलं ठाण मांडून. हिरोचंसुद्धा नाव एकदा येतं आणि जातं. मी दार उघडून वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना हाक मारली.

शिंपीणबाई गळ्यात टेप तशीच घेऊन आल्या. समोरचे म्हातारे कंपाउंडर आले. त्यांच्या पाठोपाठ जिना चढणारा-उतरणारा जो तो आला. आधी सगळे नावच बघायला आले होते. "वा, अक्षर छान आहे," असं म्हणून उठायच्या बेतात होते. पण कोणी उठलं नाही.

सिनेमा असा, की ते म्हातारा-म्हातारी एकच खुर्ची विणतात. तो खालून वेताची पट्टी वर सारतो, ती वरून ओढून घेते. एकाच खुर्चीवर चार हात, आणि तोंडातून अक्षर नाही. वर्षानुवर्षं अबोला.

"बोलत का नाहीत हो?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"भांडलेत."

"कशावरून?"

"मला सांगून भांडलेत का?"

"चूक म्हाताऱ्याची," कंपाउंडर म्हणाले. "वर खुपसतो बघा कसा. अशा माणसाच्या हातून मी इंजेक्शन घेतलं नसतं."

झालं, खोलीत दोन पक्ष पडले. खुर्चीची एक एक ओळ भरत होती आणि इकडे एकेकाचा आवाज चढत होता. त्यात शिंपीणबाईंनी फोनवर थोडा सिनेमा टिपून बहिणीला पाठवला. बहिणीचा हात सढळ. तिने तो जगभर वाटला.

शेवट जवळ आला. म्हाताऱ्याचा हात थरथरला, पट्टी सुटली. म्हातारी थांबली. तिने मान वर केली, नवऱ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि टीव्ही काळा झाला.

"काय म्हणाली?"

"लाइट गेली!"

"पंखा फिरतोय की!"

तेवढ्यात दारात जावई. कानाला फोन, केसांत सिमेंट. "हो मॅडम. नाही मॅडम. नाव माझंच आहे मॅडम." फोन ठेवला, खोलीभर बसलेली माणसं बघितली आणि दाराला टेकला. "आई, फोनवरचा तुकडा मॅडमपर्यंत पोचला, आणि त्यांनी तिकडूनच सिनेमा बंद केला माझा. तो बाहेर गेला तर चोर कोण ते कळावं, म्हणून माझं नाव घातलं होतं त्यावर!"

त्याच्या मागून आलेल्या लेकीने शिंपीणबाईंच्या फोनवर त्या बारीक ओळी वाचल्या. "फक्त यांच्यासाठी. इतर कोणालाही दाखवू नये."

"मग ते मोठ्या अक्षरात लिहायचं आणि नाव बारीक," मी म्हटलं. "आणि इतर कोणाला दाखवलंय मी? सगळी ओळखीचीच माणसं आहेत."

त्या दिवसापासून जावई माझ्याशी बोलेना. मीही बोलेना. माझ्याच घरात मी का वाकू?

"तुझ्या आईला सांग, मीठ हवंय."

"तुझ्या नवऱ्याला सांग, हात लांब केला तर मिळेल."

"आता तुम्ही दोघं खुर्च्याच विणायला बसा," लेक म्हणाली.

खरी पंचाईत वेगळीच होती. म्हातारी काय म्हणाली, हे सगळ्या इमारतीत फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो रागावला होता. कंपाउंडरांनी त्याला जिन्यात गाठून सर्दीवर तीन उपाय सांगितले. शिंपीणबाईंनी शर्टाचं बटण फुकट लावून दिलं. सगळ्यांना एकच उत्तर, "महोत्सवात बघा." शिंपीणबाईंच्या बहिणीकडून ज्यांना ज्यांना तो तुकडा पोचला होता, तेही फोन करकरून विचारत होते. मी विचारलं नाही. माझं फक्त दूध दोनदा उतू गेलं.

महोत्सवाच्या दिवशी मी माझं तिकीट माझ्या पैशांनी काढलं. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. आमची इमारत, बहिणीची इमारत, आणि त्यांच्या ओळखीचे कोण कोण. मॅडम जास्तीच्या खुर्च्यांसाठी धावत होत्या. कंपाउंडर शहाणे, घरून घडीची खुर्ची घेऊन आले होते.

अंधार झाला. म्हातारा आला, म्हातारी आली. मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. पडदा कोरा करकरीत.

"नाव कुठाय?" माझा आवाज जरा मोठाच आहे.

"पुसलं वाटतं हो!" शिंपीणबाई.

"कोणी पुसलं जावयाचं नाव?" मागून कंपाउंडर खुर्चीवर उभे राहिले. सगळी रांग ओरडायला लागली. तेवढ्यात अंधारातून कोणीतरी कमरेत वाकून आलं आणि माझ्या कानाशी लागलं.

"आई, ते इथे नसतंच. पाया पडतो, खाली बसा."

बोलला! आधी तो बोलला, हे लक्षात असू द्या. मी बसले, आणि शेजारची पिशवी उचलून त्याला जागा करून दिली.

मग तो शेवट आला. म्हाताऱ्याचा हात थरथरला. पट्टी सुटली. म्हातारीने तोंड उघडलं. सगळा हॉल पुढे झुकला.

"खालून धर," ती म्हणाली.

एवढंच. म्हाताऱ्याने धरलं. दिवे लागले तरी कोणी जागचं हलेना. शिंपीणबाई टेपने डोळे पुसत होत्या. कंपाउंडर खाकरून म्हणाले, "म्हणजे चूक म्हाताऱ्याचीच होती."

बाहेर मॅडमनी जावयाचा हात हातात घेतला. "पुढच्या वर्षीही शिफारस तुमचीच. पण एवढी माणसं जमवलीत कशी?"

जावई नुसता माझ्याकडे बघून हसला. मग जवळ येऊन उभा राहिला, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा. मागे अख्खी इमारत कान देऊन उभी.

"आई, कसा वाटला?"

"सिनेमा बरा आहे, जावईबापू," मी म्हटलं. "पण तुमचं नाव होतं तेव्हा जास्त चांगला होता."